टिरेटा बाजारातली सकाळ

यंदा जानेवारीत कलकत्त्याला लेकीकडे पंधरा दिवस राहून आले. (शहराचं नाव २००१ पासून कोलकाता झालंय हे ठाऊक आहे, पण बत्तीस वर्षं वर्गात नकाशावर पट्टी ठेवून 'कलकत्ता' म्हटल्यावर आता जीभ वळत नाही. चालवून घ्या.) जावईबापूंची बदली तिकडे होऊन दोन वर्षं झाली. दर फोनवर "आई, कधी येताय?" चालू होतं. गुडघे बरे आहेत तोवर जाऊन यावं म्हणून निघाले. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नातवासाठी तिळाच्या वड्या. सोलापूरचं माणूस दुसरं काय नेणार!

दक्षिणेश्वर, बेलूर, व्हिक्टोरिया, ठाकूरांचा जोडासांकोचा वाडा हे सगळं झालं. त्यावर लिहीत नाही. पुण्याच्या नणंदबाईंना फोटो पाठवलेत, त्यांनी ते सगळ्या घरात फिरवलेही असतील. आज लिहायचंय ते एका जुन्या बाजाराबद्दल. तिथे मी जेमतेम तीन तास होते. पण खरं सांगायचं तर, त्या तीन तासांसाठीच मी कलकत्त्याला गेले होते. लेकीला हे तिकडे पोचल्यावर कळलं.

"आई, तुला चायना टाउन कशाला बघायचंय? तू तर मंचुरियनलासुद्धा हात लावत नाहीस."

"बघायचंय," म्हटलं. एवढंच.

जावईबापू समजूतदार. ते म्हणाले, इथे चिनी वस्त्या एक नाही, दोन आहेत. जुनी टिरेटा बाजारात, लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाला लागून, आणि नवी टँगऱ्याला. नवी म्हणजे तिलाही शंभर वर्षं होऊन गेली. जुनीत सकाळी लवकर जावं लागतं, नवीत जेवायला. म्हणून शनिवारी दुपारी टँगरा आणि रविवारी पहाटे टिरेटा असं ठरलं.

टँगऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. शहराच्या पूर्वेकडची ही पूर्वीची पाणथळ जागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाक्का चिनी लोकांनी इथे कातडी कमावण्याचे कारखाने काढले. कातडं कमवायला पाणी भरपूर लागतं, वास सुटतो, आणि आपल्याकडे ते काम ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांच्याखेरीज कुणी त्याला शिवायला तयार नव्हतं. या लोकांनी ते धंदा म्हणून केलं आणि चांगलं केलं. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यात कलकत्त्यातले चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. ते बानतल्याला गेले. ज्यांना जमलं ते गेले, बाकीच्यांनी त्याच जागांत हॉटेलं काढली. त्यामुळे टँगऱ्यात उंच भिंती, मोठमोठी लोखंडी फाटकं आणि आत एकदम लाल कंदील नि पांढरे टेबलक्लॉथ असा प्रकार आहे. मी व्हेज हाक्का नूडल्स खाल्ल्या. बऱ्या होत्या. नातवाने माझ्या वाटच्याही खाल्ल्या.

तिथे एक चिनी कालीमंदिर आहे. मूर्ती कालीमातेची, जास्वंदीचे हार नेहमीसारखे, पण भक्त चिनी आणि प्रसादाला नूडल्स. कुणा चिनी मुलाचं दुखणं इथल्या झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडांपाशी नवस बोलल्यावर बरं झालं, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या मरीआईच्या देवळाची गोष्ट याहून वेगळी थोडीच असते!

येताना जावईबापूंनी पेई मेई शाळेपाशी गाडी थांबवली. मी शिक्षिका ना, त्यांना वाटलं आवडेल. ही टँगऱ्यातली चिनी माध्यमाची शाळा. कारखानदारांची मुलं इथे शिकली. मग मुलं परदेशी जायला लागली, पट उतरत गेला आणि शेवटी विद्यार्थीच नाहीत म्हणून शाळा बंद पडली. मंडळी, बंद पडलेली गिरणी मी पाहिली आहे, सोलापुरात त्या काय कमी आहेत! पण बंद शाळेचं फाटक बघवत नाही. आत मैदान असतं ना.

कुठे गेली म्हणाल ही मुलं? बरीचशी कॅनडात, टोरांटोला. माझी भाची तिथे असते. ती म्हणते, तिकडे 'हाक्का चायनीज' अशी पाटी असलेल्या हॉटेलांत आपल्या चवीचं, हिरवी मिरची घातलेलं चिनी जेवण मिळतं आणि चालवणारे कलकत्त्याचे चिनी. घर आठवलं की आम्ही तिथे जातो, म्हणते. म्हणजे चिनी माणूस कॅनडात जाऊन भारतीय लोकांना घरची चव देतोय. असो.

आता रविवार.

पहाटे साडेपाचला टॅक्सीने निघालो. मी, लेक आणि नातू. थंडी चांगलीच होती आणि धुकं. टिरेटा हे नाव कुठल्याशा चिनी शब्दावरून आलं असेल असं मला वाटे, पण तो व्हेनिसहून आलेला एडवर्ड टिरेटा नावाचा माणूस. कंपनी सरकारच्या काळात त्याचा इथे बाजार होता. बाजारातून तो केव्हाच गेला, नाव राहिलं. रस्त्याचं नाव सन यत् सेन स्ट्रीट. समोर पोद्दार कोर्ट ही इमारत. तिच्या आडोशाला पहाटेपासून साताठ वाजेपर्यंत न्याहारीचा बाजार भरतो. उशिरा गेलं तर नुसता भाजीबाजार दिसतो, आपण चुकीच्या जागी आलो असं वाटतं.

बाजार म्हणजे फार मोठा नाही. स्टुलांवर, खोक्यांवर मांडलेली ॲल्युमिनियमची उंच भांडी, एकावर एक थर, आपल्या इडलीपात्राचे थोरले भाऊ. झाकण काढलं की वाफेचा लोट. मोमो, पाव, माशांच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज. विकणाऱ्यांत चिनी चेहरे थोडेच, बाकी बंगाली, बिहारी, मुसलमान. घेणाऱ्यांत कॉलेजची मुलं, कॅमेरेवाले आणि पळायला येऊन इथेच थांबलेले जाडे काका. एकेकाळी कलकत्त्यात वीस हजारांच्या आसपास चिनी होते असं सांगतात, आता दोनेक हजार उरले असतील. १९६९ पासून इथे चिनी भाषेतलं एक वर्तमानपत्र निघायचं. कोविडच्या काळात तेही थांबलं.

एवढे लोक इथे आले कसे? वॉरन हेस्टिंग्जच्या वेळी टाँग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला हुगळीकाठी बजबजजवळ जमीन मिळाली. त्याने तिथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला, चीनहून माणसं आणली. त्याच्या नावावरून त्या गावाला अच्छीपूर म्हणतात. नदीकाठी त्याची लाल रंगाची, घोड्याच्या नालेच्या आकाराची समाधी आहे आणि चिनी नववर्षानंतर कलकत्त्याचे चिनी तिथे दर्शनाला जातात. नंतर येत गेले ते आपापल्या प्रांताप्रमाणे आपापला धंदा धरून. कँटनकडचे सुतार. जहाजांची, चहाच्या खोक्यांची कामं त्यांच्याकडे. हाक्का चांभारकामात, बेंटिंक स्ट्रीटवर त्यांच्या बुटांच्या दुकानांची रांग होती. शांटुंगकडचे रेशमाची गाठोडी घेऊन गावोगाव फिरणारे. मृणाल सेन यांचा १९५९ सालचा 'नील आकाशेर नीचे' हा सिनेमा अशाच एका चिनी फेरीवाल्यावर आहे. मूळ गोष्ट महादेवी वर्मांची.

आणि हूपे प्रांतातले दातांचे वैद्य.

हे शेवटचं वाक्य जावईबापूंनी आदल्या रात्री कुठलंसं पुस्तक वाचून मला सांगितलं, सहज, जेवताना. माझा घास हातातच राहिला. लेकीने विचारलं, काय झालं? म्हटलं, मिरची लागली.

तर बाजारात आम्ही फिरत होतो. माझ्या खाण्याजोगं काही दिसेना. नातवाने पाच मोमो संपवले होते. कोपऱ्यावर एक म्हातारी बसली होती, माझ्याच वयाची, पंच्याहत्तरीची असेल. चिनी. अंगात लोकरी स्वेटर, डोक्याला मफलर गुंडाळलेला, पुढ्यात पसरट ताटली आणि ताटलीत तळलेले, तिळाने मढवलेले वाटोळे गोळे. लिंबाएवढे.

मी थांबले. "ये क्या है?" विचारलं. उगाच विचारलं. मला माहीत होतं.

"तिल। अंदर मीठा। वेज, वेज," ती म्हणाली. माझ्या कुंकवाकडे बघून कळलं असणार.

एक घेतला. वरचं आवरण कुरकुरीत, मग चिकट तांदळाचं मऊ, मग आत गोड सारण. तो पोकळ असतो ना, चावला की हवा जाते आणि एकदम बसतो. मी साठाहून जास्त वर्षांनी तो खात होते.

आता ते सांगायलाच हवं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. ते गेले तेव्हा आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

सोलापुरात नव्या पेठेकडे जाताना एका चिनी दातवाल्याचं दुकान होतं. हिरव्या फळीवर उघडा जबडा काढलेला, लाल हिरड्या, पांढरेशुभ्र दात. लहान मुलं त्या पाटीला भ्यायची. दातवाले स्वतः अगदी शांत, मराठी तोडकंमोडकं, पण हिशेब सोलापुरी गुजराथ्यासारखा चोख. माझ्या वडिलांची कवळी त्यांनीच केली. अशी बसली की वडील शेवटपर्यंत तीच घालून शेंगा खात.

त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. पाचवीपासून. एका बाकावर आम्ही दोघी. तिचं अक्षर माझ्याहून सुंदर होतं आणि याचा मला रागही येई नि अभिमानही. ती आमच्या घरी यायची, मी तिच्या घरी फार जात नसे, आईला ते आवडायचं नाही. एका संक्रांतीला मी तिला तिळगूळ दिला, तर दोन दिवसांनी तिने वर्तमानपत्रात बांधून हे गोळे आणले. म्हणाली, आमच्याकडेही नव्या वर्षाला तीळ लागतात. शाळेमागच्या लिंबाखाली बसून खाल्ले. त्यात काय काय असेल म्हणून घरी सांगितलं नाही.

मग १९६२ चा ऑक्टोबर आला. आम्ही सातवीत. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. तोवर 'हिंदी-चिनी भाई भाई' घोकलेलं, ते एका रात्रीत पुसलं गेलं. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जाई. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं सगळे छाती फुगवून म्हणत. वडील ओट्यावर बसून चिन्यांना शिव्या घालत, चिनी माणसाने केलेल्या कवळीतून. हे माझ्या लक्षात पुष्कळ उशिरा आलं, मी स्वतः पन्नाशीला पोचल्यावर. तेव्हा मला हसू आलं नाही.

शाळेत संरक्षण निधी गोळा होऊ लागला. बायका मंगळसूत्रं देत होत्या, मुलींनी कानातलं, नाकातलं दिलं. आमच्या वर्गाचा डबा माझ्याकडे होता. मी मॉनिटर. डालड्याचा रिकामा डबा, वरून लाल कागद चिकटवलेला, झाकणाला भोक पाडलेलं. मधल्या सुट्टीआधी एकेक मुलगी पुढे येऊन त्यात काहीतरी टाकत होती आणि बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या.

तीही आली. हातातलं चांदीचं कडं काढून आणलं होतं. मनगटावर त्याचा वळ होता, मला अजून दिसतो.

मी डब्याच्या भोकावर तळहात ठेवला.

"तुझं नको," म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ती काही बोलली नाही. कडं हातात धरून उभी राहिली, मग जागेवर जाऊन बसली. टाळ्या थांबल्या होत्या. बाई खुर्चीवरच होत्या, हजेरीपटात काहीतरी लिहीत. त्यांनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा लिहू लागल्या. पुढची मुलगी आली, पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

मला कुणी शिकवलं नव्हतं असं करायला. म्हणजे असं बघा, आमच्या घरी कुणी म्हटलं नव्हतं की तिच्याकडून घेऊ नकोस. माझं मलाच सुचलं. आणि टाळ्या थांबल्या तेव्हा क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर ती चार-सहा दिवस आली असेल. मग आली नाही. दुकानाला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं, कलकत्त्याला भावाकडे गेले. कुणी म्हणालं, पोलिसांनी नेलं. पाटी मात्र कित्येक वर्षं तशीच होती, रंग उडत उडत शेवटी नुसते दात राहिले.

बाईंनी पटावर तिच्या नावापुढे लाल शाईने रेघ मारली.

त्या वेळी देशभर काय चाललं होतं ते मला खूप पुढे वाचून कळलं. चिनी वंशाच्या लोकांसाठी कायदे बदलले, जन्माने इथले असले तरी त्यांना परक्यांसारखं पोलिसांत नाव नोंदवावं लागलं, गाव सोडायला परवानगी लागायची. आसामातून, दार्जिलिंगकडून माणसं घरातून उचलली आणि आगगाडीत घालून राजस्थानात देवळीला नेली. तिथे जुन्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवली. सुमारे तीन हजार. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं. २१ नोव्हेंबरला चीनने लढाई थांबवली, म्हणजे युद्ध महिन्याभरात संपलं. ही माणसं मात्र वर्षानुवर्षं आत होती, काही तर चार वर्षांहून जास्त. काहींना जहाजात बसवून चीनला धाडलं, ज्यांनी तो देश कधी बघितलाही नव्हता. रीता चौधुरींची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० साली आली, ती याच लोकांवर. 'माकाम' म्हणजे आसामातलं माकुम. चहाच्या मळ्यांवर आणलेले चिनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते, तिथल्या मुलींशी लग्नं केली होती.

आणि मी? मी पुढे शिक्षिका झाले. सोलापूरच्या मुलांना दरवर्षी डॉक्टर कोटणिसांची गोष्ट सांगायची. आपल्या गावचा मुलगा १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, चिनी मुलीशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. चीनमध्ये त्याचे पुतळे आहेत. मुलं डोळे मोठे करून ऐकत. मीही रंगवून सांगे, शेवटी आवाज जड व्हायचा. दुसरी गोष्ट, नव्या पेठेतली, मी बत्तीस वर्षांत एकदाही सांगितली नाही.

हे सगळं टिरेटा बाजारात उभ्या उभ्या मनात आलं असं नाही. ते कायमच होतं. त्या म्हातारीपुढे फक्त तोंडाशी आलं.

मी दुसरा गोळा मागितला. ती खूश झाली. कुठून आलात विचारलं. म्हटलं, सोलापूर.

"शोलापुर? चादर!" ती म्हणाली आणि हसली. तिच्या घरी दोन आहेत म्हणे, फाटत नाहीत.

मी तिला विचारलं, "बासठ में आप यहीं थीं?"

तिने हातातला चिमटा ताटलीवर ठेवला. थोडं थांबून म्हणाली, बाबांना ठाण्यावर जाऊन सही करावी लागायची. मग शाळा सुटली. हिंदी नि बंगालीच्या खिचडीत बोलत होती, मला निम्मंच कळलं. मग तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराकडे बघून मान हलवली, त्याला किती हवेत विचारलं, आणि मला म्हणाली, "पुराना बात। आप खाओ, ठंडा हो जाएगा।"

ती नव्हेच ती. चेहरा वेगळा, कपाळ वेगळं, हिचा जन्म इथलाच. मला ते पहिल्या क्षणी कळलं होतं. तरी मी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

लेक म्हणाली, आता इथली देवळं बघू. कलकत्त्यात चिनी देवळाला 'चर्च' म्हणतात! टूंग ऑन चर्चची लाल इमारत पाहिली. तिच्या खालच्या मजल्यावर एकेकाळी 'नानकिंग' नावाचं प्रसिद्ध हॉटेल होतं, हिंदी सिनेमातली बडी मंडळी तिथे जेवायला यायची. मग छातावाला गल्लीतलं सी इप चर्च. हे १९०५ सालचं. आपल्या माझगावला मुंबईत १९१९ सालचं चिनी देऊळ आहे ना, सी यूप कून, तेही याच लोकांचं, कँटनजवळच्या चार तालुक्यांतल्या. माझगावचं मी पाहिलेलं नाही. मुंबईत इतक्यांदा जाऊन.

आत गेलो. काळोखी थंडावा, उदबत्त्यांचा वास, लाकडावर सोनेरी नक्षी, आणि समोर क्वान यिन देवी. करुणेची देवता म्हणतात. नातू चपला काढून मांडी घालून बसला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक वयस्कर चिनी गृहस्थ झाडून काढत होते. त्यांच्याशी हिंदीत बोलले. त्यांना सांगितलं की सोलापुरात एक चिनी दातांचे डॉक्टर होते, बासष्टमध्ये कुटुंबासकट इकडे आले असं ऐकलंय, त्यांच्यापैकी कुणी...

"दातवाला?" ते म्हणाले. "वो तो हूपे का लोग होगा। हम लोग सी इप। अलग।"

बघा, मला ते सगळे एकच. तेव्हाही आणि आताही. मी त्यांना विचारलं ते म्हणजे कुणी दादरला जाऊन विचारावं की तुम्ही मराठी ना, मग बेळगावचे अमुक ओळखता का?

ते मात्र रागावले नाहीत. पाच मिनिटं विचार केला. हूपेवाले फार थोडे होते, त्यातले बरेच बाहेर गेले, म्हणाले. "नाम क्या था?"

आणि मंडळी, माझ्याकडे नाव नव्हतं.

म्हणजे एक होतं. शाळेच्या पटावर तिचं एक सोपं मराठी नाव होतं. पहिल्या दिवशी तिच्या वडिलांनी सांगितलेलं नाव बाईंना लिहिता आलं नाही म्हणून बाईंनी दिलेलं. आम्ही सगळ्या तिला त्याच नावाने हाक मारायचो. ते इथे लिहीत नाही, कारण ते तिचं नव्हतंच. तिच्या घरी तिला काय म्हणत ते मी दोन वर्षं एका बाकावर बसून कधी विचारलं नाही. वडिलांचं नाव तर आम्हाला 'चिनी दातवाले' एवढंच. बत्तीस वर्षं मी हजेरी घेतली, हजारो नावं उच्चारली, एखाद्या मुलाचं नाव चुकलं तर त्याची माफी मागायचे, असा माझा लौकिक होता.

"नाम मालूम नहीं," म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, जणू असं विचारणारे पुष्कळ येतात.

देवीच्या बाजूला दानपेटी होती. लाल रंगाची, लाकडी, वर फट. मी पाकिटातून नोट काढली. पेटीपाशी गेले आणि तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. लेक दोनदा "आई" म्हणाली. मग टाकली.

त्या गृहस्थांनी पाहिलं असावं. टेबलाच्या खणातून पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला. "किसके नाम से?"

लेक माझं नाव सांगायला लागली. मी तिला थांबवलं.

"सोलापूर लिहा," म्हटलं.

त्यांनी परत विचारलं नाही. सावकाश, बंगाली अक्षरात लिहिलं. पावती फाडून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती पर्समध्ये ठेवली.

बाहेर आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. कोपऱ्यावर म्हातारीची ताटली रिकामी झाली होती, ती स्टूल दुमडून निघाली होती. तिने मला हात केला. नातवाला पुन्हा भूक लागली होती. टॅक्सीत लेकीने विचारलं, "आई, कोण होते गं ते दातवाले?" म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

सांगितलं. रात्री, तो झोपल्यावर.